मर्यादित खर्चात घरचा स्टीरिओ

घरात संगीत ऐकण्यासाठी चांगली यंत्रसामग्री घ्यावयाची म्हणजे बहुतेक कुटुंबांना अनेक महिन्यांच्या बचतीला हात घालावा लागतो. एकदा घेतलेले स्पीकर पंधरा-वीस वर्षे घरात राहतात, आणि निवड चुकली तर तेवढी वर्षे ती चूक ऐकत बसावी लागते. दुकानात मात्र ग्राहकासमोर येतात ती खोक्यावरील मोठमोठे आकडे, चकाकणारी बटणे आणि विक्रेत्याची घाई. अशा वेळी कोणत्या कंपनीचे यंत्र घ्यावे, या प्रश्नापेक्षा हाती असलेला पैसा कोणत्या भागावर किती खर्च करावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर मिळण्यासाठी ध्वनी खोलीत कसा उमटतो, हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

दोन कान, दोन स्पीकर

डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित आधी व किंचित मोठा ऐकू येतो. हे वेळेचे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तरीही त्यावरून मेंदू आवाजाची दिशा ठरवितो. या तत्त्वाचा उपयोग करून ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली दोन मार्गांनी ध्वनिमुद्रण करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९५७-५८ च्या सुमारास स्टीरिओ ध्वनिमुद्रिका विक्रीस येऊ लागल्या. दोन स्पीकर योग्य अंतरावर ठेवले, म्हणजे त्यांच्यामधील मोकळ्या जागेत गायक, तबला, सारंगी आपापल्या ठिकाणी बसल्याचा भास होतो. दोन्ही स्पीकर एकाच लहान पेटीत कोंबले तर हा भास फारसा होत नाही. म्हणून स्टीरिओ घेणाऱ्याने दोन स्वतंत्र स्पीकरांचाच विचार करावा.

साखळीतील दुबळा दुवा

घरच्या स्टीरिओत तीन यंत्रे असतात. पहिले यंत्र मुद्रित ध्वनीपासून विद्युत् संकेत निर्माण करते. तो सीडी प्लेअर असेल, ध्वनिमुद्रिका वाजविणारा टर्नटेबल असेल किंवा आजच्या काळात संगणक अथवा मोबाइल असेल. दुसरे यंत्र, म्हणजे ॲम्प्लिफायर, त्या क्षीण संकेताला बळ देते. तिसरा स्पीकर, तो विजेचे रूपांतर हवेच्या कंपनांत करतो.

या तिघांचे काम सारखे अवघड नाही. सीडी १९८२ साली बाजारात आली. तीत ध्वनीची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते, आणि मानवी कानाला ऐकू येणाऱ्या सुमारे २० ते २०,००० कंपनांच्या पल्ल्याला ती पुरेशी आहे. हे काम आता साध्या किमतीची उपकरणेही चोख करतात. बेताच्या किमतीच्या नीट बांधलेल्या ॲम्प्लिफायरमधील दोषही कानाला सहसा जाणवत नाहीत. स्पीकरचे मात्र तसे नाही. कागदाचा वा प्लॅस्टिकचा एक पडदा सेकंदाला ५० वेळा सावकाश व लांबवर हलला पाहिजे, आणि दुसरा त्याच वेळी १०,००० वेळा सूक्ष्मपणे थरथरला पाहिजे. पडद्याला वजन असते, पेटीच्या लाकडाला स्वतःचा कंप असतो. परिणामी काही स्वर फुगतात, काही दबतात. ऐकू येणाऱ्या दोषांपैकी बहुसंख्य दोष येथे व खोलीत जन्माला येतात.

यावरून खर्चाचा एक ढोबळ नियम निघतो. शंभर रुपयांपैकी पन्नास ते साठ रुपये स्पीकरांच्या जोडीवर खर्च करावेत, पंचवीस ते तीस ॲम्प्लिफायरवर आणि उरलेले इतर साधनांवर. ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यांच्या बाबतीत हा नियम थोडा बदलतो. टर्नटेबलची सुई स्पीकरप्रमाणेच यांत्रिक काम करीत असल्याने तेथे काटकसर केल्यास आवाज तर बिघडतोच, शिवाय झिजलेल्या सुईने ध्वनिमुद्रिकाही खराब होतात.

वॅटचा हिशेब

ॲम्प्लिफायर विकताना वॅटचा आकडा सर्वांत पुढे केला जातो. पण शक्ती दुप्पट केली तर आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. एक उदाहरण घेऊ. एखादा स्पीकर १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देतो असे समजा. १० वॅटवर तो ९७ डेसिबल देईल, २० वॅटवर १०० आणि ४० वॅटवर १०३. श्रोता तीन मीटरवर बसला तर ही पातळी घटते. परंतु दोन स्पीकर एकत्र वाजत असल्याने आणि भिंतींवरून आवाज परत येत असल्याने ती तूट बरीचशी भरून निघते. सामान्य संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे मध्यम आकाराच्या खोलीला दर बाजूस २० ते ५० वॅट पुरेसे आहेत, हे स्पष्ट होते. १०० वॅटसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ३ डेसिबलने अधिक संवेदनक्षम स्पीकर निवडणे शहाणपणाचे. तेवढ्यानेच ॲम्प्लिफायर दुप्पट मोठा घेतल्याचा लाभ मिळतो.

वॅट मोजण्याची रीतही पाहावी. खोक्यावर हजारांत छापला जाणारा ‘पीएमपीओ’ हा आकडा मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. त्यावरून काहीच ठरविता येत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना, ८ ओहमच्या स्पीकरवर, अखंडपणे किती वॅट मिळतात आणि त्या वेळी विकृती किती असते, हे माहितीपत्रकात दिलेले असावे. स्पीकर ४ ओहमचे असतील तर ॲम्प्लिफायरला ते चालतात की नाही, हेही तपासावे. लहान ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर वाजविला तर आवाज फाटतो आणि उच्च स्वरांचा नाजूक स्पीकर जळू शकतो. म्हणून आवाज चिरकू लागताच तो कमी करावा.

स्पीकरकडून काय अपेक्षावे

लहान पेटी, खोलवरचा खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. त्यांपैकी दोन मिळविल्या तर तिसरी सोडावी लागते. अमेरिकेतील एडगर विल्चर यांनी १९५४ साली हवाबंद लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला, पण त्यासाठी ॲम्प्लिफायरची शक्ती अधिक खर्ची पडत असे. विकणारा तिन्हींचे आश्वासन देत असेल, तर कोठेतरी काहीतरी लपविलेले आहे असे समजावे. ‘२० ते २०,०००’ असा पल्ला छापलेला असला, तरी त्या पल्ल्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सांगितलेले नसेल, तर तो आकडा निरर्थक होय.

येथे श्रोत्याने स्वतःच्या आवडीचाही विचार करावा. पुरुषी आवाजाचा मूळ स्वर साधारणतः १०० कंपनांच्या आसपास असतो. ख्याल, ठुमरी, भजन, गझल किंवा जुनी चित्रपटगीते ऐकणाऱ्याला ५०-६० कंपनांपर्यंत स्वच्छ उतरणारा आणि मधल्या पट्टीत खरा वाजणारा लहान स्पीकर पुरतो. पियानोचा सर्वांत खालचा स्वर मात्र २७.५ कंपनांचा असतो. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी मोठी पेटी व मोठी खोली लागते आणि खर्च वेगाने वाढतो. मर्यादित रकमेत या शेवटच्या टप्प्याचा मोह सोडणे बहुधा हिताचे.

पारखावे कसे

स्पीकर कानानेच पारखावा लागतो, परंतु कानाला फसविणे सोपे असते. फ्लोइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत १९८० नंतरच्या दशकात पडद्याआड ठेवलेल्या स्पीकरांवर श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. कोणता स्पीकर वाजत आहे हे ठाऊक नसताना बहुतेकांची पसंती एकमेकांशी जुळली, आणि ज्या स्पीकरांत कोणतेही स्वर विशेष फुगत वा दबत नव्हते त्यांनाच ती मिळाली. पुढे शॉन ऑलिव्ह यांच्यासह १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेच स्पीकर डोळ्यांसमोर ठेवताच श्रोत्यांचे मत आकाराकडे व किमतीकडे झुकल्याचे आढळले.

दुसरा फसवा घटक म्हणजे आवाजाची पातळी. हळू आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविले. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर नेहमी अधिक भरदार वाटतो. म्हणून दोन स्पीकरांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा करून घ्यावा, सोबत्याने ते आलटून पालटून वाजवावेत आणि श्रोत्याने पाठ फिरवून ऐकावे.

वाजवावयाचे ध्वनिमुद्रण पाठ असलेले असावे. तानपुऱ्याची जवारी सलग झंकारते की नुसता गुणगुणाट होतो, हे आधी ऐकावे. तबला वाजत असताना डग्ग्याचा घुमारा वेगळा ओळखू येतो की सगळे ढोलासारखे भासते, तेही पाहावे. बातम्या वाचणाऱ्याचा आवाज नाकातून किंवा डब्यातून आल्यासारखा वाटतो काय, ही कसोटी फार उपयोगी आहे. कारण माणसाचा आवाज सर्वांच्या ओळखीचा असतो.

खोली हाही एक भाग

हार्वर्ड विद्यापीठातील फॉग सभागृहात व्याख्यान समजत नसे. तेव्हा, १८९५ पासून, वॉलेस सॅबिन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या आणि घुमणारा आवाज किती लवकर विरतो ते मोजले. मऊ वस्तू घुमारा शोषतात, हा त्यातून मिळालेला धडा भारतीय घरांना विशेष लागू पडतो. येथील फरशी, सिमेंटच्या भिंती आणि काचेच्या खिडक्या आवाज परतवून लावतात. जाड सतरंजी, पडदे, गादी घातलेली बैठक आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी जो फरक पडतो, तो पुष्कळदा महागडे यंत्र घेऊनही पडत नाही.

दोन स्पीकर व श्रोता मिळून समभुज त्रिकोण व्हावा. उच्च स्वरांचा स्पीकर बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीला असावा आणि पेट्या कोपऱ्यात ठेवू नयेत. कोपऱ्यात खर्ज फुगतो. मांडणी बरोबर आहे की नाही, हे पाहण्यास जुनी मोनो ध्वनिमुद्रणे उत्तम. कलकत्त्यात १९०२ साली गौहरजान यांच्या गायनाचे मुद्रण झाले, त्यानंतर अनेक दशके भारतातील मुद्रण एकमार्गीच होते. असे गाणे दोन्ही स्पीकरांवर वाजविले असता आवाज नेमका मध्यभागातून आला पाहिजे. तो पसरट वाटत असेल व खर्ज नाहीसा झाला असेल, तर एका स्पीकरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत असे समजावे.

तारा आणि जुना माल

तारांवर मोठा खर्च करण्याचे कारण नाही. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा ५ मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. ८ ओहमच्या मानाने तो शंभराव्या भागाहूनही कमी आहे.

जुना माल घेतल्यास त्याच रकमेत वरच्या दर्जाचे स्पीकर मिळू शकतात. त्यांत पडद्याच्या कडेची फोमची पट्टी तपासावी. दमट हवेत ती लवकर कुजते. पट्टी बदलता येते, पण तो खर्च किमतीत धरावा. जुन्या ॲम्प्लिफायरचे बटण फिरविताना खरखर होत असेल तर ती बहुधा साफसफाईने जाते. काही न वाजविताही घरघर येत असेल तर मात्र तो दुरुस्तीवाल्याला दाखविल्यावाचून घेऊ नये.

सर्व रक्कम एकदम हाताशी नसेल, तर चांगले स्पीकर आधी घ्यावेत, साधा पण प्रामाणिक ॲम्प्लिफायर त्यांना जोडावा आणि घरात असलेल्या मोबाइलवर किंवा जुन्या सीडी प्लेअरवर काम चालवावे. पुढे ऐपत वाढल्यास ॲम्प्लिफायर किंवा टर्नटेबल बदलता येईल आणि स्पीकर तसेच राहतील. खरेदीपूर्वी दुकानदाराकडून एक सवलत मात्र आग्रहाने मागावी : स्पीकर दोन-चार दिवस घरी नेऊन ऐकण्याची. ते ज्या खोलीत वाजावयाचे आहेत, त्याच खोलीत अखेरचा निर्णय घ्यावा.