घरच्या संगणकावर वेब सर्व्हर : हिशेबाची स्क्रिप्ट आधी पारखून घ्या

कापड, तयार कपडे, जरीकाम, चामड्याच्या वस्तू यांचा धंदा करणारे आपले अनेक बांधव आता दुकानाची वेबसाइट काढू लागले आहेत. एखादा शिकलेला मुलगा वेबसाइट तयार करून देतो, तिच्यात दर, कर आणि एकूण रक्कम काढणारी स्क्रिप्ट बसवतो आणि मालक पैसे चुकते करून मोकळा होतो. स्क्रिप्ट हिशेब बरोबर करते की नाही, हे पहिल्यांदा कळते ते ग्राहकाला. आमच्या मते हा उलटा कारभार झाला. रंगारीसुद्धा पूर्ण तागा रंगात घालण्यापूर्वी एक चिंधी बुडवून, वाळवून, उजेडात नेऊन पाहतो. स्क्रिप्टची चिंधीही आधी घरी बुडवून पाहता येते. एकदा प्रोग्राम उतरवून घेतला की त्यासाठी इंटरनेट लागत नाही, भाडे लागत नाही. साधा संगणक आणि एका दुपारची फुरसत पुरते.

वेब सर्व्हर हे नाव भारी वाटते, पण तो एक प्रोग्राम आहे. ग्राहकाच्या ब्राउझरने पान मागितले की ते काढून द्यायचे, एवढेच त्याचे काम. पान साधे असेल तर जसेच्या तसे देतो. पान पीएचपी भाषेत लिहिलेले असेल तर आधी पीएचपीकडून हिशेब करवून घेतो आणि तयार उत्तर पाठवतो. म्हणूनच पीएचपीची फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली तर हिशेब होत नाही, मूळ मजकूर तसाच दिसतो. ब्राउझरला पीएचपी कळत नाही. मध्ये सर्व्हर हवाच.

हा सर्व्हर आपल्याच संगणकावर बसवण्यासाठी झॅम्प नावाचे फुकट पॅकेज मिळते. त्यात अपाची हा सर्व्हर, मारियाडीबी हे माहिती साठवण्याचे कोठार आणि पीएचपी ही भाषा एकत्र बांधून दिलेली आहे. अपाची आणि पीएचपी दोन्ही १९९५ साली लोकांपुढे आली आणि दोन्ही आजवर फुकट आहेत, हे परवान्याच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर लक्षात ठेवावे. झॅम्प त्याच्या मूळ ठिकाणाहूनच, म्हणजे अपाची फ्रेंड्सच्या साइटवरून घ्यावे, कोणाच्या पेनड्राइव्हवरून नको.

विंडोजमध्ये ते सी ड्राइव्हवर सरळ झॅम्प नावाच्या फोल्डरमध्ये बसवावे. प्रोग्राम फाइल्समध्ये बसवले तर विंडोज लिहिण्याची परवानगी अडवते. मग कंट्रोल पॅनल उघडून अपाची आणि मायएसक्यूएल यांच्यासमोरचे स्टार्ट बटण दाबावे. नावे हिरवी झाली की सर्व्हर चालू झाला. अपाची हिरवे होत नसेल तर बहुधा ८० क्रमांकाचे पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने अडवलेले असते. तो प्रोग्राम बंद करावा किंवा अपाचीच्या सेटिंगच्या फाइलीत ८० च्या जागी ८०८० लिहावे.

झॅम्पच्या आत एचटीडॉक्स नावाचे फोल्डर असते. त्यात दुकानाच्या नावाचे फोल्डर करून वेबसाइटच्या सगळ्या फाइली ठेवाव्यात. ब्राउझरमध्ये रोमन अक्षरांत लोकलहोस्ट, तिरपी रेघ आणि फोल्डरचे नाव टाइप केले की दुकान उघडते. पोर्ट बदललेले असेल तर लोकलहोस्टनंतर विसर्गासारखी दोन टिंबे देऊन ८०८० लिहावे. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१ हा पत्ता, आणि तो प्रत्येक संगणकाचा स्वतःचाच पत्ता असतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकलो; उजवीकडून वाचायची सवय असलेल्या आमच्यासारख्यांनी टिंबे आणि रेघा एकदा बोट ठेवून तपासाव्यात. नोटपॅडमध्ये लिहिलेल्या फाइलीच्या शेपटाला विंडोज गुपचूप टीएक्सटी जोडते, तेही पाहावे.

आता खरे काम. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला संगणक कळतो, कापडाचे बिल कळत नाही. ते आपल्याला कळते. म्हणून पारख मालकानेच करावी आणि ती गल्ल्यातल्या खऱ्या बिलांवर करावी. जुन्या बिलांतली वीसेक निवडावी, नावे वगळून आकडे स्क्रिप्टमध्ये भरावेत आणि उत्तर कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहावे. ८६ रुपये ४० पैसे मीटरचे १२.७५ मीटर कापड असेल तर ११०१ रुपये ६० पैसे यायला हवेत. त्यावर ५ टक्के जीएसटी ५५ रुपये ८ पैसे. ग्राहक महाराष्ट्रातला असेल तर त्याचे केंद्र आणि राज्य असे २७.५४ चे दोन भाग पडले पाहिजेत. माल सुरतेच्या व्यापाऱ्याला जात असेल तर एकच आयजीएसटी लागला पाहिजे.

सोपी बिले बरोबर येतातच. खोट असते ती काठावर. तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची विक्री किंमत २५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. त्याआधी हीच सीमा १००० रुपयांची आणि वरचा दर १२ टक्के होता. जुन्या स्क्रिप्टमध्ये तेच आकडे बसलेले असू शकतात. आता बरोबर २५०० रुपयांचा एक नग भरून पाहा. कर १२५ आला पाहिजे. स्क्रिप्टमध्ये ‘पेक्षा जास्त’ च्या जागी ‘इतके किंवा जास्त’ अशी खूण पडली असेल तर कर येईल ४५०. एका चिन्हामुळे ग्राहकाचे ३२५ रुपये नाहक गेले. नंतर २५०१ चा नग भरा, तिथे ४५० रुपये १८ पैसे हेच उत्तर बरोबर आहे.

दुसरी परीक्षा. ९०० रुपयांचे तीन कुर्ते घाला. एकूण २७००, पण सीमा नगाला लागते, बिलाला नाही. कर १३५ हवा. ४८६ आला तर स्क्रिप्ट बिलाची बेरीज पाहून दर ठरवते आहे. तिसरी परीक्षा सवलतीची. २८०० च्या शेरवानीवर बिलातच १५ टक्के सूट दिली तर विक्री २३८० ला झाली, म्हणून कर ५ टक्क्यांनी ११९ रुपये. सूट वजा करण्याआधीच दर ठरवणारी स्क्रिप्ट इथे ४२८ रुपये ४० पैसे लावते. जास्त घेतलेला पैसा ग्राहकाचा हक्क आहे आणि कमी घेतलेला कर भरायचा राहतो तो आपल्या माथी. दोन्हीकडून दुकानाचे नाव जाते.

तारखेचा घोटाळा वेगळाच आहे. झॅम्पमध्ये पीएचपीचे घड्याळ बर्लिनच्या वेळेवर लावलेले येते. ते आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. ईदच्या आधी रात्री दोन वाजता बिल फाडले तर त्यावर आदल्या दिवसाची तारीख पडेल. तेच १ एप्रिलच्या रात्री झाले तर बिल मागच्या आर्थिक वर्षात जाईल. स्क्रिप्टमध्येच एशिया-कोलकाता ही वेळ लिहून घ्यावी, म्हणजे घरी आणि बाहेर एकच घड्याळ चालेल.

घरी चालते ते बाहेर चालेलच असे मात्र नाही. विंडोजला फाइलीच्या नावातले मोठे आणि लहान इंग्रजी अक्षर सारखेच. होस्टिंगचे संगणक मात्र बहुधा लिनक्सवर चालतात आणि तिथे ती दोन वेगळी नावे ठरतात. घरी दिसणारा साडीचा फोटो तिथे गायब होतो. सगळी नावे लहान अक्षरांतच ठेवलेली बरी. होस्टिंगवाल्याकडे पीएचपीची कोणती आवृत्ती आहे हेही विचारून तीच घरी बसवावी. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या स्क्रिप्टांमध्ये डेटाबेसशी बोलण्याच्या ज्या आज्ञा असतात, त्या २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकल्या गेल्या. मालाची नावे मराठीत किंवा उर्दूत ठेवायची असतील तर डेटाबेस करतानाच यूटीएफ८एमबी४ हा पर्याय निवडावा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

झॅम्प हे पारखण्याचे साधन आहे, दुकान चालवण्याचे नाही. त्याच्या कोठाराच्या मुख्य खात्याला, म्हणजे रूटला, सुरुवातीला पासवर्डच नसतो. म्हणून हा संगणक इंटरनेटवर उघडा करू नये आणि त्यात ग्राहकांचे खरे फोन क्रमांक भरू नयेत. ऑनलाइन पैसे घेण्याची सोय असेल तर कंपनीकडून चाचणीची चावी मागून घ्यावी, तिच्यावर खरा पैसा हलत नाही.

वीसही बिले जुळली की फाइली होस्टिंगवर चढवाव्यात. चढवताना डेटाबेसचे नाव आणि पासवर्ड तिथले घालावेत, आणि चुका पडद्यावर दाखवण्याची सोय, जी घरी चालू ठेवायची असते, ती बंद करावी. मग तीच वीस बिले तिथे पुन्हा एकदा भरून पाहावीत आणि त्यानंतरच ग्राहकाला पत्ता द्यावा.