सातपुड्यात 'दर्या' कुठून आला? : मुक्त सॉफ्टवेअर आणि मदत मागण्याचा धडा



गेल्या सत्रात सातवीच्या भूगोलाची चाचणी मी एका मुक्त सॉफ्टवेअरमध्ये टाइप केली. प्रश्नात 'सातपुड्यातील दऱ्या' असे शब्द होते. छापून आले 'सातपुड्यातील दर्या'. पेपर वाटल्याबरोबर एका मुलाने विचारलं, "सर, सातपुड्यात दर्या कुठून आला?" वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी गेल्यावर चिडचिड झाली, कारण असं तिसऱ्यांदा घडत होतं.

मग त्या सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांना कळवलं. "तुमचं मराठी चुकतं, लवकर दुरुस्त करा," एवढंच लिहिलं. दोन आठवडे उत्तर नाही. नंतर इंग्रजीत दोन ओळी आल्या : आवृत्ती कोणती? मूळ फाइल पाठवा. मला वाटलं, हे टाळताहेत. मी पुढे काही लिहिलंच नाही. एक सहकारी म्हणाले, "सर, फुकटचं आहे, असंच राहणार."

आज वाटतं, माझा राग अर्धा बरोबर होता आणि अर्धा चूक.

मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. ते वापरायला, त्याची रचना पाहायला, बदलायला आणि इतरांना द्यायला मोकळीक असते. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे 'लोहित' हा फॉन्ट. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये तो मुक्त परवान्याखाली दिला आणि पुण्यातल्या अभियंत्यांनी तो वर्षानुवर्षे सांभाळला. मराठी 'ल' आणि 'श' यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं, हे फॉन्टला शिकवावं लागतं. हे काम आपोआप होत नाही, कुणीतरी बसून करतं. काही ठिकाणी त्यासाठी पगार मिळतो, पण बऱ्याच ठिकाणी मिळत नाही.

हिवाळ्यात आपल्याकडे शेतात भरीत पार्टी होते तसंच हे आहे. पऱ्हाटीवर बामणोदची वांगी भाजणारे दोघे, बडगीत ठेचणारा एक आणि पंगतीला पन्नास. मीठ कमी पडलं तर ओरडायला सगळे, पण मीठ आणायला उठणारा एखादाच.

ओरडण्याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, ते 'एक्सझेड' प्रकरणात दिसलं. फाइल लहान करणारं हे सॉफ्टवेअर जगभरच्या संगणकांत आहे. फिनलंडचे लासे कॉलिन ते बहुतांशी एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काम संथ चाललंय म्हणून लोकांनी त्यांच्यामागे तगादा लावला. मानसिक आरोग्य ठीक नाही आणि हे बिनपगारी काम आहे, असं त्यांनी सांगूनही पाहिलं. शेवटी मदतीला आलेल्या 'जिया टॅन' नावाच्या माणसाकडे त्यांनी बरेच अधिकार दिले आणि त्याने आत चोरवाट लपवली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्ध्या सेकंदाने उशिरा होतंय असं जाणवलं, म्हणून ती सापडली. तगादा लावणारी काही नावंही बनावट असावीत, असा संशय आहे.

म्हणजे सगळी चूक आपलीच का? तसंही नाही. मराठीतून शिकवणाऱ्या शिक्षकाला इंग्रजीत, तांत्रिक भाषेत तक्रार लिहा म्हटलं, तर तो गप्प बसतो. तो गप्प बसला की मराठीची चूक तशीच राहते. केरळमध्ये सरकारी शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेली प्रणाली आहे आणि तिचे प्रशिक्षक शिक्षकांतूनच निवडले जातात. अडलेल्या शिक्षकाला आपल्या भाषेत विचारायला माणूस मिळतो. आपल्याला अशी मधली फळी हवी आहे.

आता माझ्या 'दर्या'चं काय झालं? 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात 'र' आणि हलन्त यांच्या पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ते गळालं, की 'ऱ्या'चा 'र्या' होतो. दुसऱ्या प्रकारात नुक्त्याचा 'ऱ' वापरतात, तिथे गळायला काही नसतं. माझी फाइल पहिल्या प्रकारची होती. मूळ फाइल मागणारा तो माणूस टाळत नव्हता, योग्य तेच विचारत होता!

मदत मागताना एवढं लिहावं :

१. सॉफ्टवेअरची आवृत्ती, संगणकाची प्रणाली आणि फॉन्टचं नाव.
२. मी काय केलं, क्रमाने.
३. काय व्हायला हवं होतं आणि काय झालं.
४. चुकलेल्या शब्दाची छोटी फाइल आणि स्क्रीनचं चित्र.
५. उत्तर सापडलं तर ते परत कळवणं. हे आपण हमखास विसरतो.

वर्गातही हा उपक्रम घेता येतो. "सर, येत नाही" म्हणणाऱ्या मुलाला विचारा : कुठपर्यंत आलं? पुढे काय केलंस? काय अडलं? गणित असो की संगणक, नीट विचारलेल्या प्रश्नात अर्धं उत्तर असतं. पालकांनी घरी अभ्यास घेताना हेच करून पाहावं.

पाचवा मुद्दा मीही पाळला नव्हता. मागच्या रविवारी मोडक्या इंग्रजीत त्या स्वयंसेवकाला कारण कळवलं, फाइल जोडली आणि आभार मानले. उत्तर अजून आलेलं नाही. पण 'दऱ्या' लिहिताना पुढचा शिक्षक अडला, तर त्याला ते कारण तिथे सापडेल. मराठीतून हवं असेल तर इथे आहेच.