पद गेलं, तरी महाभियोग चालतो का?

प्रश्न : २०२१ साली डोनाल्ड ट्रम्प यांची मुदत संपून ते घरी गेले, तरी अमेरिकेच्या सिनेटने त्यांच्यावर महाभियोगाचा खटला चालवला. महाभियोग हा माणसाला पदावरून काढण्यासाठीच असतो ना? मग जो पदावरच नाही, त्याला काढणार कुठून? हे त्यांच्या राज्यघटनेत बसतं का? आणि आपल्याकडे माजी राष्ट्रपतींवर असं काही करता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अमेरिकेत खटला चालवता येतो, असं सिनेटने आजवर दोनदा बहुमताने ठरवलं आहे. मात्र पद सोडून गेलेल्या एकाही माणसाला अद्याप दोषी ठरवण्यात आलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते पाहू.

तिथे महाभियोगाचे दोन टप्पे असतात. प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं आणि सिनेट खटला चालवतं. दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोनतृतीयांश मतं लागतात. ट्रम्प यांच्यावरचा आरोप ६ जानेवारीच्या कॅपिटॉलवरील हल्ल्याला चिथावणी दिल्याचा होता. प्रतिनिधिगृहाने तो १३ जानेवारी २०२१ रोजी २३२ विरुद्ध १९७ मतांनी मंजूर केला, तेव्हा ते पदावरच होते. सिनेटमधला खटला ९ फेब्रुवारीला सुरू झाला, तेव्हा ते माजी झाले होते. आपल्याकडे निवृत्तीआधी सुरू झालेली विभागीय चौकशी निवृत्तीनंतरही पुढे चालते, तसाच हा प्रकार.

वादाचं मूळ घटनेच्या मजकुरातच आहे. एक कलम म्हणतं, राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि मुलकी अधिकारी महाभियोगात दोषी ठरल्यास पदावरून दूर केले जातील. दुसरं कलम म्हणतं, शिक्षा दोनच : पदावरून दूर करणं आणि पुढे कोणतंही सरकारी पद घेण्यास अपात्र ठरवणं. विरोधकांचं म्हणणं असं की, मुख्य शिक्षा पदावरून काढण्याची. ती देण्याजोगी उरली नाही, तर दुसरीचा प्रश्नच येत नाही. समर्थक विचारतात, मग निकालाच्या दिवशी सकाळी राजीनामा देऊन कुणीही अपात्रता चुकवू शकेल, त्याचं काय?

नेमकं हेच १८७६ साली घडलं. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचे युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅप यांच्यावर लष्करी ठाण्यावरच्या दुकानदारीच्या हक्कापोटी पैसे खाल्ल्याचा आरोप होता. प्रतिनिधिगृहात मतदान होणार हे कळताच त्यांनी काही तास आधी ग्रँट यांच्या हाती राजीनामा ठेवला. गृहाने त्याच दिवशी एकमताने महाभियोग मंजूर केला. राजीनाम्यानंतरही आपल्याला खटल्याचा अधिकार आहे, असं सिनेटने ३७ विरुद्ध २९ मतांनी ठरवलं. अखेरच्या मतदानात बहुमत बेल्कनॅप यांच्या विरोधात गेलं, पण दोनतृतीयांशाचा आकडा गाठता आला नाही. निर्दोष म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं कारण एकच होतं : गृहस्थ पदावर नाहीत, तेव्हा आम्हाला अधिकार नाही.

त्याआधीचा दाखला इंग्लंडचा, आणि तो थेट हिंदुस्थानशी जोडलेला आहे. ज्याच्या कारकिर्दीत १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने इंग्रजांचा मराठ्यांशी सालबाईचा तह झाला, तो गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज १७८५ साली पद सोडून मायदेशी परतला. ब्रिटिश संसदेने त्याच्यावर महाभियोग मंजूर केला १७८७ साली, म्हणजे पद गेल्यावर दोन वर्षांनी. त्याच वर्षी फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहिली जात होती आणि तिथल्या चर्चेत जॉर्ज मेसन यांनी हेस्टिंग्जचं नाव घेतलं होतं. माजी अधिकाऱ्यावर महाभियोग चालतो, हे घटनाकारांना ठाऊक होतं. (हेस्टिंग्ज १७९५ साली निर्दोष सुटला.)

ट्रम्प यांच्या खटल्यात सिनेटने आधी अधिकाराचाच प्रश्न मताला टाकला. ५६ विरुद्ध ४४ मतांनी खटला चालवायचं ठरलं. राष्ट्राध्यक्षावरच्या खटल्यात सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी असतात. इथे आरोपी माजी असल्याने सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याऐवजी सिनेटर पॅट्रिक लेही बसले. १३ फेब्रुवारीला ५७ जणांनी दोषी म्हटलं, ४३ जणांनी निर्दोष. हवी होती ६७ मतं. रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी निर्दोष मत दिलं आणि लगेच भाषणात सांगितलं की, घडल्या प्रकाराला ट्रम्पच जबाबदार आहेत, पण माजी राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवायचा अधिकार सिनेटला नाही. बेल्कनॅप सुटले, त्याच वाटेने ट्रम्प सुटले. अपात्रता आली नाही आणि २०२४ ची निवडणूक जिंकून ते पुन्हा पदावर आले.

न्यायालय याचा कायमचा निकाल लावेल, ही शक्यता कमी. महाभियोगाचा खटला कसा चालवायचा हा सिनेटचाच अखत्यार, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली एका न्यायाधीशाच्या प्रकरणात म्हटलं आहे. शिवाय ट्रम्प यांच्यावर आरोप ठेवले गेले ते पदावर असताना. मुदत संपल्यावर राष्ट्राध्यक्षावर नव्याने आरोप ठेवण्याचा प्रसंग अजून आलेला नाही. १९७४ साली निक्सन यांनी राजीनामा दिला, तेव्हा समितीने आरोपपत्र संमत केलं होतं. तरी प्रतिनिधिगृहाने पुढे महाभियोगाचं मतदान घेतलंच नाही.

आता आपल्याकडचं. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ६१ नुसार राष्ट्रपतींवर महाभियोग फक्त संविधानाच्या भंगाबद्दल चालतो. एका सभागृहाच्या किमान एकचतुर्थांश सदस्यांच्या सहीने १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश बहुमत लागतं. ठराव संमत झाल्याचा परिणाम एकच : पद जातं. पुढची अपात्रता नाही, त्यामुळे माजी राष्ट्रपतींवर महाभियोग चालवण्यासारखं काही उरतच नाही. न्यायमूर्तींच्या बाबतीतही अनुभव तोच. न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेने ऑगस्ट २०११ मध्ये संमत केला. लोकसभेत तो येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला आणि विषय तिथेच संपला.

तेव्हा सांगलीकरांच्या प्रश्नाचं उत्तर असं : अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्षावर महाभियोगाचा खटला चालवायला ५१ मतं पुरतात, पण अधिकाराची शंका पुढे करून त्याला सोडवायला ३४ सिनेटर पुरतात. भारतात राजीनामा किंवा मुदतीचा शेवट हाच महाभियोगाचाही शेवट. फौजदारी कायदा मात्र दोन्ही देशांत महाभियोगापासून वेगळा आहे. पद गेल्यानंतर त्याचा दरवाजा महाभियोगामुळे बंद होत नाही.