कोवळे हाड आणि उडीची दांडी

१९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात भरलेल्या क्रफ्ट्स या विख्यात श्वानप्रदर्शनात, दोन मुख्य कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढण्यासाठी एक नवा खेळ दाखविण्यात आला. घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा इंग्लंडात आधीपासूनच लोकप्रिय होत्या. त्याच धर्तीवर कुत्र्यांसाठी अडथळे मांडण्याची कल्पना प्रदर्शन-समितीचे जॉन व्हार्ली यांनी पुढे आणली आणि पीटर मीनवेल यांनी ती प्रत्यक्षात उतरविली. प्रेक्षकांना ती इतकी भावली की १९८० साली ब्रिटनच्या केनेल क्लबने या खेळाचे रीतसर नियम केले. आज जगभर ‘ॲजिलिटी’ या नावाने खेळला जाणारा खेळ तो हाच.

खेळ दिसायला सोपा आहे. आडव्या दांड्यांवरून उड्या, कापडी बोगदा, बारा काठ्यांमधून नागमोडी धाव, उंच अरुंद फळीचा पूल, दुपाखी छपरासारखी चढण आणि सी-सॉ. मालक बरोबर धावतो, हाका मारतो, खुणा करतो. पण कुत्र्याला वा अडथळ्याला हात लावायचा नाही. चुका कमी आणि वेळ कमी, तो विजयी. पण कोणते कुत्रे किती उंच उडेल आणि मुळात केव्हापासून उडेल, हे दोन प्रश्न या खेळात सर्वांत नाजूक आहेत. पहिल्याचे उत्तर मोजपट्टी देते, दुसऱ्याचे दिनदर्शिका. बघणाऱ्यांचे लक्ष मोजपट्टीकडे असते. माझ्या मते दिनदर्शिकेचा प्रश्न अधिक मोलाचा आहे, म्हणून प्रस्तुत लेखात त्याकडे अधिक वळणार आहे.

आधी मोजपट्टी. कुत्र्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत; मानेच्या मुळाशी खांद्याच्या पात्यांचा जो सर्वांत उंच भाग, तिथपर्यंत मोजतात. खेळाच्या आरंभी ब्रिटनमध्ये उडीची दांडी ७६ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे अडीच फुटांपर्यंत असे. लहान कुत्र्यांना त्यात वावच नव्हता. पुढे गट पडले. बेल्जियममध्ये कचेरी असलेल्या एफ.सी.आय. या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांप्रमाणे ३५ सेंटिमीटरच्या आतले कुत्रे लहान गटात जाते आणि २५ ते ३० सेंटिमीटरची दांडी ओलांडते. ३५ ते ४३ पर्यंतचे मध्यम गटात जाते आणि त्याची दांडी ३५ ते ४० असते. त्याच्या वरचे सगळे पूर्वी एकाच मोठ्या गटात येत. २०२३ पासून ४३ ते ४८ पर्यंतचा एक मधला गट वेगळा काढून त्याला ४५ ते ५० सेंटिमीटरची दांडी दिली गेली आणि ४८ च्या पुढच्यांना ५५ ते ६० ची राहिली.

हा मधला गट का लागला, हे साध्या भागाकाराने कळते. ६० सेंटिमीटर उंचीचे कुत्रे ६० ची दांडी ओलांडते तेव्हा ते आपल्या उंचीइतकेच उडते. पण ४३ सेंटिमीटरचे कुत्रे त्याच गटात पडले तर त्याला आपल्या उंचीच्या जवळजवळ १.४ पट उडावे लागे. नव्या व्यवस्थेत हे प्रमाण १.१६ वर आले. तरीही जिथे रेषा ओढली जाते तिथे रेषेलगतचा कोणीतरी सापडतोच. शेटलंड शीपडॉग ही स्कॉटलंडकडच्या बेटांवरची मेंढपाळी जात घ्या. प्रेमाने हिला शेल्टी म्हणतात. या जातीच्या नराची आदर्श उंची ३७ सेंटिमीटर आणि मादीची ३५.५. म्हणजे लहान आणि मध्यम गटांमधली रेषा नेमकी या जातीच्या अंगावरून जाते! साडेचौतीस सेंटिमीटरची शेल्टी ३० च्या दांडीवरून सहज तरंगत जाते. तिचीच साडेपस्तीस सेंटिमीटरची बहीण ४० च्या दांडीपुढे उभी राहते. अंगाचा एक सेंटिमीटर, उडीचे दहा.

शिवाय सगळेच अडथळे उंचीप्रमाणे बदलत नाहीत. नागमोडी काठ्यांमधले अंतर सर्वांना ६० सेंटिमीटरच; लहान कुत्रे त्यातून पाण्यासारखे वाहते, मोठ्याला कंबर मुरडावी लागते. बोगद्याचा व्यासही ६० सेंटिमीटरच, त्यामुळे उंच कुत्र्याला दबून धावावे लागते. उलट सी-सॉवर हलक्या कुत्र्याची पंचाईत. फळी झुकण्यापुरते वजन पडावे म्हणून त्याला पार टोकाकडे जावे लागते आणि तोवर मौल्यवान क्षण निघून जातात.

मोठेपणाचे खरे ओझे मात्र जमिनीवर उतरताना कळते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली प्राण्यांच्या योग्य आकाराविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. (हे हाल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले, म्हणून ते आपल्याला थोडे जवळचे.) त्यातले गणित असे की प्राणी सर्व बाजूंनी दुप्पट झाला तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडाचा आडवा छेद चौपटच. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. त्यात कुत्रा नुसता उभा असतानाही सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर घेतो, आणि उडीनंतर पहिल्यांदा टेकतात तेही पुढचेच पाय. आपल्यासारखे गळ्याचे हाड त्याला नाही. पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंच्या झोळीने जोडलेले आहेत. ॲजिलिटी खेळणाऱ्या कुत्र्यांच्या दुखापतींच्या पाहण्यांत खांद्याचा क्रमांक वरचा लागतो, यात नवल नाही.

हे झाले पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे. आता पिल्लाकडे वळू.

ग्रेट डेन या अवाढव्य जातीचे पिल्लू जन्मतः अर्धा-पाऊण किलोचे असते आणि दीड-दोन वर्षांत साठ किलोच्या आसपास जाते. माणसाचे मूल तीन किलोपासून साठ किलोवर यायला अठरा वर्षे घेते. लहान जातीचे पिल्लू नऊ-दहा महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठते. मोठ्या जातीला वर्ष-सव्वा वर्ष, आणि अतिमोठ्या जातींना दीड ते दोन वर्षे लागतात. म्हणजे ज्याच्या हाडांवर सर्वांत जास्त भार येणार, त्याचीच हाडे सर्वांत जास्त काळ कोवळी राहतात.

कोवळी म्हणजे नेमके काय? लांब हाडाच्या दोन्ही टोकांजवळ मऊ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यातल्या पेशी वाढत जातात, मागच्या मागे त्यांचे हाड होत जाते, आणि हाड लांब होते. वाढ संपली की चकतीचेही हाड होऊन ती मिटते. ती उघडी असेपर्यंत तो सांध्याजवळचा सर्वांत दुबळा भाग असतो. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचा पाय मुरगळला तर अस्थिबंध ताणला जातो. पिल्लाच्या बाबतीत तोच हिसका अस्थिबंध सहन करतो आणि चकती इजा पावते.

यातली सर्वांत घातकी जागा म्हणजे पुढच्या पायाच्या मनगटाजवळची. तिथे रेडियस आणि अल्ना अशी दोन हाडे शेजारी-शेजारी वाढतात. अल्नाची लांबी सुमारे ८५ टक्के तिच्या खालच्या टोकाच्या एकाच चकतीतून येते आणि कुत्र्यामध्ये ही चकती सपाट नसून शंकूसारखी खोलगट असते. त्यामुळे धक्का कोणत्याही बाजूने आला तरी तो तिला चिरडतो. चकती वेळेआधी मिटली की अल्ना थांबते, पण रेडियस वाढतच राहते. मग अल्ना धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली राहते आणि रेडियस कांबीसारखी वाकते. पंजा बाहेर वळतो, कोपर बिघडते. दुर्दैव असे की इजा झाली त्या दिवशी पिल्लू दोन-चार दिवस लंगडते आणि पुन्हा खेळू लागते. वाकडेपणा दिसायला काही आठवडे जावे लागतात. मालकाला वाटलेले असते की बरे झाले.

सहा-सात महिन्यांचे बॉर्डर कॉलीचे पिल्लू पाहिले तर कोणालाही वाटेल की हे तयार झाले. ते वेगवान असते, शिकायला उत्सुक असते, मोठ्या कुत्र्याएवढे दिसते आणि सांगाल तितक्या उड्या मारते. ‘आता पुरे’ असे ते कधीच म्हणत नाही. म्हणूनच हा निर्णय नियमाने घ्यावा लागला. एफ.सी.आय.च्या नियमांत आणि ब्रिटनमध्ये अठरा महिन्यांच्या आतल्या कुत्र्याला स्पर्धेत प्रवेश नाही. अमेरिकन केनेल क्लबने ही मर्यादा पंधरा महिन्यांची ठेवली आहे. तोपर्यंत पिल्लाला काहीच शिकवायचे नाही असे मात्र नाही. दांडी जमिनीवर ठेवून तिच्यावरून चालविणे, फळी जमिनीला टेकवून तोल शिकविणे, सरळ बोगद्यातून बोलावणे, मालकाच्या खुणेबरोबर वळणे, हे सारे करता येते. टाळायचे ते पूर्ण उंचीच्या उड्या, त्याच त्या वळणांची शेकडो आवर्तने आणि काठ्यांमधली वेगाची मुरड.

येथे मला आपल्याकडच्या एका गोष्टीची आठवण होते. माझ्या आजोबांना अक्षरओळख नाही, पण खोंडाचा ओठ वर करून ते त्याचे वय सांगतात. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे दोन दुधाचे दात पडून कायमचे येतात, तेव्हा त्याला दुसा म्हणायचे. त्यापूर्वी तो आदत. आदत खोंडाला जड कामाला जुंपू नये, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पण बैलगाडा शर्यतींत ‘आदत’ हा स्वतंत्र गटच असतो! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरविले. त्या सगळ्या काळात वाद झाला तो क्रूरतेचा आणि परंपरेचा. ओढणे आणि उडी मारणे यांत फरक आहे, हे मान्य. तरी वाढत्या हाडाचा प्रश्न चर्चेत कुठे फारसा कानावर आला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. असो.

हाडावर आहाराचाही परिणाम होतो, आणि तो लोकसमजुतीच्या उलट आहे. पिल्लाला भरपूर खाऊ घातले की ते दणकट होते, असे सर्वांना वाटते. १९७४ साली अमेरिकेत कॉर्नेल येथील संशोधकांनी ग्रेट डेनच्या पिल्लांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. हवे तितके खाणाऱ्या पिल्लांमध्ये हाडांचे व सांध्यांचे विकार मोजून खाणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. वाढ वेगाने होते, वजन आधी येते आणि हाडाची मजबुती मागे राहते. पुढे २००२ साली ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांचा आयुष्यभराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले होते. कमी खाणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य १३ वर्षांचे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षांचे निघाले. सांधेही त्यांचे अधिक काळ चांगले राहिले. गुटगुटीत पिल्लू दाराशी शोभते, दांडीपाशी नाही.

खच्चीकरणाचाही येथे संबंध येतो. वाढीची चकती मिटविण्याचे काम बव्हंशी लैंगिक संप्रेरके करतात. ती लवकर काढून घेतली तर चकती उशिरा मिटते आणि हाड थोडे अधिक लांबते, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ पासून जातवार केलेल्या पाहण्यांत, गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या जातींत लवकर खच्चीकरण केलेल्यांमध्ये सांध्यांचे विकार वाढलेले आढळले. लहान जातींत तसे सहसा दिसले नाही. भटक्या कुत्र्यांच्या संख्येचा प्रश्न निराळा आहे, त्याला हा हिशेब लावू नये. पण ज्याला उड्या मारायच्या आहेत त्याच्या मालकाने पशुवैद्याशी हे बोलून घेणे बरे.

आता पुन्हा शेल्टीकडे. पिल्लू विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘हे पस्तीसच्या आत राहील ना?’ २००७ साली शास्त्रज्ञांना कुत्र्याच्या आकाराशी निगडित असलेला आय.जी.एफ.-१ हा जनुक सापडला. लहान जातींमध्ये त्याचे एक ठरावीक रूप आढळते. २०२२ साली असेही दिसले की आकार लहान ठेवणारा त्या जनुकाजवळचा बदल ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही होता, म्हणजे माणसाने कुत्रा पाळण्याच्या कितीतरी आधी. पण चिहुआहुआ आणि ग्रेट डेन यांच्यातला फरक सांगणारा जनुक दोन सख्ख्या शेल्टी बहिणींमधला एक सेंटिमीटर सांगू शकत नाही. आईबापांची उंची पाहावी, दर पंधरवड्याला माप घेऊन वहीत टिपावे, इतकेच हाती असते. काही लोक पिल्लू उंच होऊ नये म्हणून त्याला अर्धपोटी ठेवावे असे सुचवितात. त्याने पिल्लू रोडावते. त्याची उंची मुख्यतः रक्तातून आलेली असते.

स्पर्धेसाठी अधिकृत माप घेताना कुत्र्याला सपाट जागेवर चारही पायांवर नीट उभे करतात. ते घाबरून दबले तर थांबतात, शांत झाल्यावर पुन्हा मोजतात. शेल्टीचा गट ठरतो तो तिथे, आणि तोवर तिच्या मनगटातल्या चकत्या मिटलेल्या असतात.