नियमपुस्तक आणि भैंशाचा उंबरठा

रोल-प्लेइंग खेळाच्या अर्बन फँटसी कॅम्पेनमध्ये, म्हणजे आजच्या गावाशहरात जादू आहे असे धरून अनेक बैठकांत चालणाऱ्या कथेत, वाद पेटतो तो जादू आणि रोजचा व्यवहार यांच्या सांध्यावर. मंत्राने किती इजा होते हे नियमपुस्तकात छापलेले असते. निर्मलची बस कुठून सुटते हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक असते. पण वेताळाने झपाटलेला माणूस त्या बसमध्ये चढला तर कंडक्टरला काय दिसेल, शेजारी बसलेली बाई त्याला ओळखेल का, हे कुठल्याच पानावर नसते. खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला ते त्या क्षणी ठरवावे लागते आणि पुढे कॅम्पेन संपेपर्यंत त्या निवाड्याला बांधील राहावे लागते. महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या, तेलंगणातल्या भैंशासारखे खरे आणि जवळून माहीत असलेले गाव निवडले की असे प्रश्न प्रत्येक बैठकीत येतात.

पंचाने तक्ता किती मानायचा हा प्रश्न या खेळांपेक्षा पुष्कळ जुना आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याचा ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ आला. त्यात फासे होते, हानीचे तक्ते होते आणि हिशेब इतके किचकट होते की खेळ रेंगाळत असे. १८७६ मध्ये फर्डी द्यु व्हेर्न्वा याने तक्ते बाजूला सारून निर्णय पंचाच्या लष्करी अनुभवावर सोपवावा असे मांडले. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला, तेव्हा गेम मास्टरच्या रूपाने हाच पंच नव्या खेळात बसला.

फर्डीच्या पंचाचा शब्द चालत असे, कारण खेळणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांपेक्षा त्याला युद्ध अधिक कळत असे. काल्पनिक राज्यातही गेम मास्टरचा शब्द शेवटचा असतो, कारण ते राज्य त्यानेच रचलेले असते. भैंशात हा आधार सुटतो. ज्या खेळाडूच्या घरी कापसाची अडत आहे, त्याला मार्केट यार्डातला व्यवहार गेम मास्टरपेक्षा नीट कळतो. रात्री जिनिंगमध्ये कोण असते, गड्डेन्ना प्रकल्पाच्या बांधावर सहज जाता येते का, हे त्या गल्लीत वाढलेला खेळाडू सांगू शकतो. म्हणून पहिल्याच बैठकीत अधिकाराची वाटणी व्हावी. गावाबद्दल जाणत्याचा शब्द मानायचा, जादूबद्दल पुस्तकाचा. सांध्यावर गेम मास्टरने दोघांचे ऐकून निवाडा द्यायचा. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या ज्या कॅम्पेनमध्ये हे आधी बोलले गेले नाही, तिथे एकेक प्रसंग उलटतपासणीसारखा चालला आणि बाकीचे खेळाडू मोबाइल काढून बसले.

२०१० साली आलेल्या ‘ड्रेस्डन फाइल्स’ या खेळात पात्रे बनवण्याआधी सगळ्यांनी मिळून शहर बनवायचे असते. प्रत्येक ठिकाणाला एक धोका आणि त्या ठिकाणाचा चेहरा म्हणून एक माणूस जोडायचा असतो. ही पद्धत कुठल्याही खेळात उसनी घ्यावी. भैंशात त्यातून आपोआप तीन थर निघतात. मराठवाड्याकडून मुंजा, वेताळ आणि पाण्याच्या साती आसरा येतात. तेलंगणाकडून पोचम्मा आणि तलावाच्या बांधाची राखण करणारी कट्टमैसम्मा येते. उर्दू बोलणाऱ्या घरांतल्या गोष्टींमधून जिन येतात. एकाच बांधावर आसरा आणि कट्टमैसम्मा दोघींचा हक्क निघाला तर काय, हा प्रश्न कोणत्याही आयात केलेल्या राक्षसापेक्षा कसदार आहे. मात्र या लोकांच्या श्रद्धा आहेत. त्यांना मारून गुण मिळवण्याच्या यादीत टाकू नये. देवतेला गुणांक देऊच नयेत; तिचा कौल मिळतो किंवा मिळत नाही, एवढाच नियम ठेवावा.

परदेशी नियमपुस्तक जसेच्या तसे वापरले की पहिली अडचण आकाराची येते. १९९१ च्या ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ या खेळात लाखभर माणसांमागे एक व्हॅम्पायर असे प्रमाण सुचवलेले आहे. शिकागोत ते शोभते. भैंशाची वस्ती २०११ च्या जनगणनेच्या सुमारास पन्नास हजारांच्या आसपास होती. या हिशेबाने गावाच्या वाट्याला एकही येत नाही, आणि साडेपाच लाखांच्या नांदेडला पाच येतात. प्रमाण बदलण्यापेक्षा नकाशा मोठा करणे बरे. नांदेडहून भोकर, भैंसा करत निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ हेच शहर धरावे. बासरचे सरस्वती मंदिर आणि गोदावरीचा घाट त्यात घ्यावा. मग बस, ढाबे, कापसाच्या गाड्या आणि राज्याची सीमा सगळेच खेळात येते.

आकाराबरोबर लपण्याचा नियमही कोलमडतो. मास्करेड म्हणजे अमानवी जिवांनी माणसांपासून लपून राहणे, आणि हा नियम महानगरातल्या अनोळखीपणावर उभा आहे. भैंशात नवा माणूस दोनदा चहाच्या हॉटेलात दिसला की तो कोणाकडे उतरला आहे याची चौकशी होते. इथे ‘कोणी पाहिले का?’ यासाठी फासा टाकणे निरर्थक आहे. पाहिलेच आहे असे धरावे आणि ‘पाहणाऱ्याने ते कोणाला सांगितले?’ यासाठी फासा टाकावा.

याहून खोल प्रश्न १९९३ च्या ‘मेज : द असेन्शन’मध्ये आहे. त्या खेळात सामान्य माणसांच्या सामूहिक समजुतीवर वास्तव टिकलेले असते. योगायोग वाटेल अशी जादू सहज खपते. उघडपणे अशक्य वाटणारी जादू, विशेषतः साक्षीदारांसमोर केली, तर वास्तव उलटून करणाऱ्यालाच मारते. आता भर बाजारात एका पात्राच्या अंगात आले आणि त्याने हरवलेल्या मुलाचा पत्ता सांगितला. पुस्तक लिहिणाऱ्याच्या मनातल्या साक्षीदाराला हे अशक्य वाटेल. आठवडी बाजारात उभ्या असलेल्या पुष्कळांना ते वाटणार नाही. काही जण हात जोडतील, काही तोंड फिरवतील. नियमाचा शब्द पाहिला तर शिक्षा होते, हेतू पाहिला तर होत नाही, कारण पाहणाऱ्याच्या समजुतीला धक्का बसला का हेच तो नियम विचारतो. हेतूप्रमाणे निवाडा द्यावा. हीच जादू जिल्हा रुग्णालयाच्या वॉर्डात डॉक्टरांसमोर केली तर उत्तर बदलेल, आणि तेही नियमाला धरूनच असेल. जागेप्रमाणे उत्तर बदलणार हे मात्र खेळाडूंना आधी सांगितलेले हवे.

हेतू पाहून निवाडा देण्याची सगळ्यात मोठी परीक्षा उंबरठ्याच्या नियमात होते. आमंत्रण नसेल तर अमानवी जीव घरात शिरू शकत नाही, किंवा शिरला तर त्याची ताकद बाहेर राहते, असा नियम या प्रकारच्या अनेक खेळांत आहे. वाचायला सोपा, पण भैंशात घर कशाला म्हणायचे? पुढे किराणा दुकान, मागे राहती खोली आणि दोन्हींना एकच दार असेल तर गिऱ्हाईक म्हणून आलेल्याला आमंत्रण आहे की नाही? भाड्याच्या खोलीत घरमालक कोणाला बोलावू शकतो का? दिवाळीला आलेली माहेरवाशीण दारातून ‘या’ म्हणाली तर? या शेवटच्या प्रश्नावर भैंशाच्या टेबलावर मतभेद झाला नाही: माहेर तिचे घर आहे, तिचे आमंत्रण चालते. घरमालकाचे चालत नाही, कारण तो तिथे झोपत नाही. दुकानाचा भाग सगळ्यांना खुला, आणि आतल्या पडद्यापासून उंबरठा सुरू.

इथवर ठीक चालते. गडबड होते ती निवाडा एका आटोपशीर सूत्रात बसवण्याच्या मोहाने. अशाच एका कॅम्पेनमध्ये ‘चूल पेटते ते घर’ असा निवाडा गेम मास्टरच्या वहीत उतरला. ऐकायला तो सुंदर होता. दोन बैठकांनी मागे लागलेल्या समंधापासून पळत पात्रे कापसाच्या गोदामात शिरली, त्यांनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवला आणि हे आता आमचे घर आहे असे जाहीर केले. सूत्राप्रमाणे त्यांचे म्हणणे बरोबर होते.

अशा वेळी दोन रस्ते मोहात पाडतात आणि दोन्ही घातक आहेत. निवाडा तिथल्या तिथे फिरवला तर वहीत लिहिलेल्या कशावरच खेळाडूंचा विश्वास उरत नाही. गप्प राहून रुईला आग लावून दिली तर तो सूड ठरतो, आणि टेबलावरच्या सगळ्यांना तो सूड म्हणूनच कळतो. नीट रस्ता असा की लिहिलेला निवाडा त्या रात्रीपुरता पाळायचा आणि गावाचा नियम मोठ्याने सांगायचा: चारी बाजूंना रुई आहे, ठिणगी उडाली तर गोदाम पेटेल, तरी स्टोव्ह पेटवायचा का? धोका फासा टाकण्याआधी सांगितला की तो खेळाडूंनी स्वतः पत्करलेला होतो. बैठक संपल्यावर सूत्राऐवजी हेतू लिहायचा: जिथे कोणी राहते, जिथे परतून येण्याची सवय आहे ते घर. नवा निवाडा पुढच्या बैठकीपासून लागू करावा, मागच्या घटनेला नाही.

बैठकीच्या मध्यात वाद निघाला तर तो दोन-तीन मिनिटांत संपवावा. खेळाडूचे म्हणणे ऐकावे, तात्पुरता निवाडा द्यावा, वहीत खूण करावी आणि पुढे जावे. पुस्तक चाळत बसल्याने बरोबर उत्तर मिळते, पण तोवर प्रसंग गार होतो. एखाद्या पात्राच्या मरणाचा प्रश्न असेल तर मात्र खेळ थांबवून पुस्तक उघडावे. तिथे घाई अन्यायाची असते.

फासा कधी टाकायचा हाही अर्थ लावण्याचाच भाग आहे. सत्तर टक्के शक्यता असलेले काम एका फाशात केले तर दहापैकी सात वेळा जमते. तेच काम भिंत चढणे, कुलूप काढणे आणि पाय न वाजवणे अशा तीन फाशांत मोडले आणि तिन्ही जमणे आवश्यक ठरवले, तर शक्यता चौतीस टक्क्यांवर येते. नियम एकही बदललेला नसतो, तरी पात्र निम्म्याहून अधिक दुबळे झालेले असते. ‘मॉन्स्टर ऑफ द वीक’सारख्या खेळात दोन फाशांची बेरीज पाहतात: दहा किंवा अधिक म्हणजे पूर्ण यश, सात ते नऊ म्हणजे किंमत देऊन यश, सहा किंवा कमी म्हणजे अपयश. काही अधिक-उणे नसेल तर छत्तीसपैकी सहा वेळा पूर्ण यश येते आणि पंधरा वेळा किंमत द्यावी लागते. म्हणजे किंमत ठरवणे हेच गेम मास्टरचे नेहमीचे काम होते. ती गावातून घ्यावी: ओळखीच्या माणसाचे उपकार, अडत्याकडे अडकलेले पैसे, घरी उशिरा पोचल्याचा जाब.

काही नियम तर सरळ रद्दच करावेत. ‘गर्प्स’ या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत मातृभाषेखेरीज प्रत्येक भाषा अस्खलित बोलता-लिहिता यायला सहा गुण मोजावे लागतात. भैंशात मराठी, तेलुगू आणि उर्दू-हिंदी बोलणे ही बाजारात वावरण्याची किमान अट आहे. तिचे गुण घेणे म्हणजे गावात जन्मल्याचा दंड. तिन्ही भाषा फुकट द्याव्यात आणि गुण मोडी वाचता येण्यासाठी घ्यावेत.

सर्वांत जास्त सावधगिरी गटांच्या बाबतीत हवी. अर्बन फँटसीचा नेहमीचा साचा असा की शहरातले मोहल्ले अमानवी गटांनी वाटून घेतलेले असतात आणि त्यांच्यात जुने वैर असते. भैंशात २००८, २०२० आणि २०२१ मध्ये जातीय दंगली झाल्या. टेबलावर बसलेल्या एखाद्याचे दुकान त्यात जळालेले असू शकते, एखाद्याने संचारबंदीत दिवस काढलेले असू शकतात. अशा गावात पिशाचांचा एक गट एका खऱ्या मोहल्ल्यात आणि दुसरा दुसऱ्यात बसवला की खेळाडू न बोलताही त्याचा अर्थ लावतात. म्हणून गट वस्तीवर किंवा धर्मावर बेतू नयेत. पाणी, रस्ता आणि कापूस यांवर बेतावेत: बांधाचे जीव, महामार्गाचे जीव, गोदामांचे जीव. दंगल हा विषय कथेत येणार नाही, ही पहिल्या बैठकीतली पहिली नोंद असावी. कोणते विषय मुळीच नकोत आणि कोणते पडद्याआड ठेवायचे ही यादी रॉन एडवर्ड्‌स यांच्या लेखनातून रूढ झाली. चालू प्रसंग कारण न विचारता थांबवणारे एक्स-कार्ड जॉन स्टाव्रोपोलस यांनी दिले. दोन्ही वापरावीत.

भानामतीबद्दलही तेच. मराठवाड्यात आणि तेलंगणात या संशयावरून जिवंत माणसांना मारहाण झाली आहे, खून झाले आहेत. शेजारीण चेटकीण निघाली असे रहस्य उलगडणे इथे निरुपद्रवी नाही. कथेत संशय आणायचाच असेल तर संशयित निर्दोष असावी आणि तिला वाचवणे हे पात्रांचे काम असावे.

कॅम्पेन महामार्गाने सीमा ओलांडून भोकर किंवा नांदेडला गेली की जादूचे निवाडे तसेच राहतात, गावाचे बदलतात. पोलिसांची हद्द बदलते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो, त्यामुळे पैसे घेऊन भूत उतरवणारे पात्र भैंशात जे उघड करत होते ते भोकरला गुन्हा ठरू शकते. टेबलावर नांदेडचा कोणी असेल तर आता गावाबद्दलचा शब्द त्याचा. वहीत त्या गावासाठी नवे पान उघडावे, उंबरठ्याचा निवाडा त्यावर जसाच्या तसा उतरवावा आणि दुकानामागच्या घराचा प्रश्न तिथे पुन्हा विचारून घ्यावा.