जलविज्ञान शिकायचंय? पैसे कुठे लागतात आणि कुठे लागत नाहीत

जलविज्ञानाच्या प्रशिक्षणासाठी पैसे बाजूला काढणाऱ्या तरुण अभियंत्यांनी, भूशास्त्राच्या पदवीधरांनी आणि पाणलोटाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. या विषयाचं पुस्तकी ज्ञान आज जवळजवळ फुकट मिळतं. महाग असतो तो वेळ, आणि ओढ्याकाठी शेजारी उभं राहून शिकवणारा माणूस. फीचा आकडा बघताना यातलं काय विकत मिळतंय, ते आधी तपासा.

सुरुवात ‘स्वयम्’वरच्या एनपीटीईएलपासून करावी. जलविज्ञान, भूजल, पाणलोट व्यवस्थापन हे विषय तिथे आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात. नाव नोंदवायला, व्याख्यानं ऐकायला आणि दर आठवड्याचे स्वाध्याय सोडवायला काहीच पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. तिचं सर्वसाधारण शुल्क एका विषयाला १,००० रुपये आहे. स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण लागतात. सुरुवातीचे आठवडे आळसात घालवले, तर परीक्षेला भरलेले हजार रुपयेही वाया जातात.

सॉफ्टवेअरसाठी मात्र एवढ्यात एक रुपयाही खर्च करू नका. पावसावरून अपधाव काढणारं एचईसी-एचएमएस आणि नदीच्या पुराची पातळी काढणारं एचईसी-रास, ही दोन्ही अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाची सॉफ्टवेअर मोफत आहेत. भूजलासाठी मॉडफ्लो, पाणलोटासाठी स्वॅट, नकाशांसाठी क्यूजीआयएस, जलवाहिन्यांच्या जाळ्यासाठी एपानेट, हीही मोफतच. माहितीचीही अडचण नाही. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाचे आकडे संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत, आणि नद्या, धरणं, भूजल यांची बरीच नोंद इंडिया-डब्ल्यूआरआयएसवर सापडते. परवान्याचं महागडं सॉफ्टवेअर कंपनीत गेल्यावर कंपनीच देते. तेच शिकवण्यासाठी कुणी भरमसाट फी मागत असेल, तर ती देण्याची घाई करू नये.

पैसे खर्च करायचे ते शिवारातल्या शिक्षणावर. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडे सारखं मुरत नाही. झिजलेला मुरूम, भेगा आणि दोन थरांमधल्या सांध्यांतच ते साठतं. त्यामुळे एका विहिरीला उन्हाळाभर पाणी असतं आणि बांधापलीकडची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. गाळाच्या मैदानांसाठी लिहिलेल्या धड्यांवर विसंबून इथे विहिरीची किंवा बंधाऱ्याची जागा ठरवली, तर शेतकऱ्याचे लाखो रुपये बुडतात. म्हणूनच फी भरण्याआधी ‘किती दिवस वर्गात आणि किती दिवस शिवारात?’ हा प्रश्न स्पष्ट विचारा. आठवड्याच्या अभ्यासक्रमात निदान दोन दिवस शिवार नसेल, तर तो मोफत व्हिडिओंपेक्षा फारसं काही जास्त देणार नाही.

शिवारातला सरावही स्वस्तात सुरू होतो. टोकाला वजन बांधलेली मोजपट्टी, घड्याळ आणि वही, एवढ्यावर भागतं. विहिरीची पातळी पहाटे, पंप सुरू होण्याआधी मोजा, नाहीतर नोंद उपशाची होते, भूजलाची नाही. कठड्यावरून मोजल्यास कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. तुम्ही एकाच विहिरीची दर आठवड्याला घेतलीत, तर वर्षअखेरीला हाती येणारा आलेख मुलाखतीत प्रमाणपत्राइतकाच उपयोगी पडेल. ओढ्याचा विसर्गही असाच निघतो. पात्र २ मीटर रुंद, सरासरी खोली ०.३ मीटर आणि तरंगत्या लाकडाचा वेग सेकंदाला ०.५ मीटर असेल, तर या तिन्हींचा गुणाकार ०.८५ ने पुन्हा गुणायचा, कारण पृष्ठभागावरचं पाणी खालच्यापेक्षा वेगाने धावतं. उत्तर येतं सेकंदाला २५५ लिटर. एका हेक्टरवर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, हेही पाठ असू द्या. गावाचा पाण्याचा ताळेबंद याच हिशेबाने मांडला जातो.

अल्पमुदतीच्या प्रशिक्षणासाठी आपल्याकडे चांगली ठिकाणं आहेत. खडकवासल्याची राष्ट्रीय जल अकादमी केंद्रीय जल आयोगाची आहे, छत्रपती संभाजीनगरची वाल्मी सिंचन व्यवस्थापन शिकवते, तर पुण्याच्या ॲक्वाडॅमचा भर भूजल आणि लोकसहभागावर आहे. भूजलाचं केंद्रीय प्रशिक्षण रायपूरच्या राजीव गांधी संस्थेत होतं. सरकारी अभियंत्यांचा खर्च बहुधा खातंच उचलतं, त्यामुळे नोकरीत असाल तर स्वतःचे पैसे घालण्याआधी वरिष्ठांकडे नामनिर्देशनाची मागणी करा. स्वयंसेवी संस्थेत असाल, तर प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणाची वेगळी ओळ टाकून घ्या. स्वखर्चाने जाणाऱ्याने फीत राहणं, जेवण आणि शिवारफेरीचं वाहन धरलं आहे का, ते लेखी विचारावं. व्यावसायिक प्रशिक्षणावर १८ टक्के जीएसटी लागतो. ५०,००० रुपयांची जाहिरात पावतीवर ५९,००० होऊ शकते.

पदवीचा हिशेब वेगळा आहे. आयआयटी रुरकीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग १९७२ पासून आहे आणि राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही त्याच गावात आहे. गेटच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश आणि विद्यावेतन मिळालं, तर महिना १२,४०० रुपयांप्रमाणे २४ महिन्यांत २,९७,६०० रुपये हाती येतात. गेट २०२६चं मुदतीतलं शुल्क २,००० रुपये होतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांसाठी ते १,००० होतं. या विषयात इतका कमी पैसा घालून इतकं देणारी दुसरी वाट मला माहीत नाही. कर्ज काढून महागड्या खासगी पदवीला जाण्याआधी गेटला एक वर्ष नक्की द्यावं. परदेशी जायचं असेल, तर इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती असलेले पाण्याचे संयुक्त अभ्यासक्रम शोधा. तिच्यात शिक्षण शुल्क भरावं लागत नाही आणि महिना १,४०० युरो मिळतात.

केंद्रीय भूजल मंडळात जलभूशास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर अल्पमुदतीची कितीही प्रमाणपत्रं जमवली तरी पात्रता येत नाही. भूशास्त्र, उपयोजित भूशास्त्र किंवा जलभूशास्त्र अशा विषयातली पदव्युत्तर पदवी लागते आणि निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून होते. तिचा अर्ज अवघा २०० रुपयांचा आहे. या मार्गाने जाणाऱ्याने प्रमाणपत्रांचे पैसे वाचवून एम.एस्सी.च्या क्षेत्रकामासाठी ठेवावेत.

वेळापत्रकही पैशांइतकंच महत्त्वाचं आहे. स्वयम्‌ची सत्रं जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात, गेट फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस सुटतात. विहिरीची वही मात्र मे महिन्यातच उघडावी, कारण पहिल्या पावसाआधीची पातळी नोंदवली नाही, तर पावसाळ्यात भूजल किती चढलं ते त्या वर्षी कळणार नाही.