सुकी मासळी मरोळच्या बाजाराला नेताना

तायांनो, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी पावसाळ्याची बेगमी करायला गिऱ्हाईक मरोळच्या सुक्या बाजारात येतं. गटातल्या बऱ्याच जणींची वर्षाची कमाई याच दिवसांत होते, आणि बऱ्याचदा ती वाटेतच खराब होते.

आधी हिशेब बघा. ओल्या बोंबलात दहा भागांतले साडेआठ-नऊ भाग पाणीच असतं. म्हणजे वीस किलो सुक्या बोंबलांच्या एका गोणीमागे शंभर किलोच्या वर ओला माल आणि सगळी मेहनत आहे. ती गोणी बुरसली तर काय गेलं ते समजा.

बुरशी बहुधा भरतानाच शिरते. वलांडीवरून काढलेला गरम माल लगेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की रात्री थंड होताना आतल्या आत घाम सुटतो. म्हणून संध्याकाळी माल सावलीत पसरा, हाताला थंड लागला की मगच भरा. डोक्याजवळचा जाड भाग दाबून पाहा. मऊ लागला तर आणखी एक ऊन द्या. खाऱ्या मासळीला जास्त जपा, मीठ हवेतलं पाणी ओढतं. जवळा बारीक, तो वेगळाच बांधा.

टेम्पोत खाली फळ्या टाका, वर ताडपत्री. बर्फातली ताजी मासळी त्याच गाडीत असेल तर ती खाली आणि लांब, तिचं पाणी गोणीला लागता कामा नये. किडे होऊ नयेत म्हणून काही जण कीटकनाशक पावडर मारतात. हे अजिबात करू नका! ते लोकांच्या पोटात जातं. सुकवताना माश्यांपासून जाळी आणि स्वच्छ कोरडी गोणी, एवढं पुरतं. बुरशी आलेला माल पुसून, ऊन देऊन विकणंही तितकंच वाईट, कारण बुरशीचं विष उन्हाने जात नाही.

ताजा बांगडा, कुपा नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. शिजवलं, तळलं तरी ते जात नाही, आणि वासावरून दरवेळी कळतही नाही. उन्हाळ्यात किलोला किलो फोडलेला बर्फ घाला, थरावर थर, आणि खोक्याला खाली भोक ठेवा. होडीतून उतरल्यावर नव्हे, होडीतच बर्फ लागला पाहिजे; घरच्या पुरुषांना हे आजच सांगा.